कळव्याला देवी टोचल्या त्याची हकीकत

मुक्काम ठाणे, नौपाडा

तीर्थरूप मामांच्या चरणी भाचा हरिहर याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. आपल्या कंबरेचे दुखणे आता कसे आहे ते कळवावे. वैद्यकात कोणती वाट धरणार, असे आपण विचारले होते. तीन धरून पाहिल्या, आणि मी याच विद्येसाठी जन्मलो याबद्दल आता शंका उरलेली नाही.

प्रथम इथल्या अंबादास वैद्यांकडे राहिलो. औषधाचा गुण स्वतः पाहिल्याशिवाय ते रोग्याला देऊ नये, असे माझे मत. (च्यवनप्राशाची बरणी आठवड्यात संपली. गुण उत्तम, माझे गाल भरले.) वैद्यबुवांना ही शोधक वृत्ती मानवली नाही. मग दवाखान्यात मलमपट्टीला लागलो. मिठागरातला ह्युबर्ट नावाचा मजूर पायाला कापून घेऊन आला. मी फडके सोडले, रक्त पाहिले, आणि पुढचे मला ह्युबर्टकडूनच कळले. कारण लंगडत जाऊन पाणी आणून माझ्या तोंडावर त्यानेच मारले. डॉक्टरसाहेब म्हणाले, "तू देवी टोचायला जा. त्यात रक्त फारसे येत नाही."

म्हणून होडीने खाडी ओलांडून कळव्याला गेलो. मला पाहताच दारे धडाधड लागली. एकटी बायजा नावाची आगरीण उंबऱ्यात उभी राहिली, पाठीमागे तिची लेक नंदा. म्हणाली, "आदी तुज्या हाताला टोच, मंग माज्या पोरीला हात लाव." मी ऐटीत बाही सारली आणि टोचले. थेंबभर रक्त आले (फारसे नव्हे, साहेब खरे बोलले होते) आणि मी तिच्या अंगणात आडवा! शुद्धीवर आलो तेव्हा बायजा सुपाने वारा घालत होती, आणि मला पाहायला सगळी आळी दारे उघडून जमली होती. वाटले, ही वाटही संपली. पण तिने नंदाचा दंड पुढे केला. "ज्याला सोताच्या रगताचा येवरा भ्याव, तो माज्या पोरीला हलूच टोचंल." पोर माझ्या तोंडाकडे पाहत होती, तेव्हा पडायची सोय नव्हती. टोचले. ती रडलीसुद्धा नाही. मग संध्याकाळपर्यंत अख्खी आळी टोचली आणि एकदाही पडलो नाही. (एकदा बसलो.)

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

ता. क. आपल्या कल्याणात देवीची साथ आहे, म्हणून सोमवारी मला तिकडेच धाडतात. आपल्या आळीत कोणी दार उघडत नाही असे ऐकतो. तेव्हा पहिले दार आपले असावे, आणि पहिला दंडही आपलाच.

आणखी ता. क. देवी टोचणारा आला की आपण लहानपणी भाताच्या कणगीत लपत असा, हे आईने सांगितले. या खेपेस तसे करू नये. मामींना मी वेगळे पत्र धाडले आहे. कणगीपाशी त्या स्वतः उभ्या राहणार आहेत.