निळीची जराशी झाक

नंदनवन, नागपूर

आदरणीय भीमाताई,

सविनय जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत? (काटोलच्या बसची पायरी उंच असते, म्हणून विचारतो. दुसरा हेतू नाही.) तू जन्मभर शाळेत मराठी शिकवलीस, म्हणून एक शंका. 'झाक' म्हणजे नेमकी किती, आणि हा शब्द आला कुठून? कुसुमच्या मते हिंदीतल्या झाँकण्यातून. पांढऱ्याआडून रंग नुसता डोकावतो, ती झाक. मला वाटायचं झाकण्यातून, म्हणजे खालचा रंग झाकला जाईस्तोवर ओतत राहावं. खरं काय ते तूच सांग, पण आमच्या घरात निकाल लागून गेला आहे.

झालं असं, की दीक्षाच्या लग्नाची पांढरी साडी दुकानातून आली ती जरा पिवळट. कुसुम टेलरकडे निघताना म्हणाली, "निळीची जराशी झाक द्या बरं हिले." (अख्ख्या लग्नात माझ्यावर सोपवलेलं हे एकुलतं एक काम.) बादलीतलं पाणी मला काही निळं दिसेना. चष्मा कपाळावर होता, हे मागाहून कळलं. तेव्हा आणखी थोडी, आणखी थोडी करत बाटली वाकवत राहिलो. मग साडी बुडवली आणि शेजारच्या श्रीधरभाऊंशी जेवणात वांग्याची भाजी असावी की नसावी यावर बोलत बसलो. परत येतो तो नळ गेलेले, विसळायला पाणी नाही. साडी तशीच गच्चीवर वाळत घातली.

कुसुम आली, वर बघून म्हणाली, "अवो, झाक सांगतली होती, पताका नाई!" मी हसलो. पण दीक्षानं पदर हातात घेऊन विचारलं, "बाबा, मी रविवारी काय नेसू जी?" तेव्हा मात्र मी चष्मा डोळ्यांवर ओढून साडी नीट पाहिली. पोरीनं ती साडी स्वतःच्या पहिल्या पगारातून घेतली होती. नंतर कितीही विसळली तरी डाग काही हटले नाहीत.

बाकी सर्व ठीक. शब्दाचं तेवढं कळव.

तुझा धाकटा,
गोपाळ

ता.क. तुझ्या लग्नातली पांढरी साडी अजून ट्रंकेत आहे ना? शनिवारच्या बसनं घेऊन ये. मी तिला हात लावणार नाही. कुसुमनं निळीची बाटली लपवलीच आहे.

ता.क. दुसरा : ती आता पिवळट पडली असेल, असं मी म्हणालो. दीक्षा म्हणते, "असू द्या जी. तेवढी आत्याची झाक राहू द्या."