तिसरा दगड

शनिवार, ३ ऑगस्ट

आलो एकदाचे! लग्नाला तीन वर्षं झाली, पण नवऱ्याच्या घराण्याचं हे बेट आज पहिल्यांदा पाहिलं. बेट कसलं, एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचे पक्षी उडतील. आठवडाभर मी आणि इओतेबा, नवरा-बायको दोघांनीच नारळ फोडून खोबरं वाळवायचं. पुढच्या शनिवारी तोआतू काका न्यायला येतील.

आज सोडायला आले, तर काका बोटीतून उतरले नाहीत. वाळूला पाय लागला की मोजणीत यावं लागतं. जाताना मला म्हणाले, "सूनबाई, तू शाळेत हजेरी घेतेस ना? हे बेटही घेतं. जितके आलो म्हणून सांगाल, तितकेच परत देतं. तिथे शहाणपणा नको."

इओतेबाने दगडांच्या रिंगणात तंबाखू ठेवली, आमच्या गालांना वाळू लावली, माणशी एक पांढरा दगड मांडला. स्वतःसाठी नारळाएवढा, माझ्यासाठी चपटा. मग मोठ्याने म्हणाला, दोघं आलोय.

मी गप्प राहिले. मला साडेचार महिने झालेत, हे त्याला ठाऊक नाही. याआधी दोनदा हातचं गेलं. सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी अंगणाबाहेर सोडलं नसतं. उद्या जेवताना त्याला सांगेन. बोटीत असताना बाळाने दोन सणसणीत लाथा मारल्या.

रविवार, ४

भाजलेला मासा, भात, ताजी माडी. सांगितलं. वाटलं होतं, नाचेल. त्याचा चेहरा उतरला. "अगं, काल का नाही बोललीस?" एवढंच पुन्हा पुन्हा. हात धरून रिंगणापाशी नेलं, लिंबाएवढा तिसरा दगड मांडला, तिघं आहोत म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडला. माझ्या पोटाला ओली वाळू लावली. ती टिकेना, सगळी घरंगळून गेली. मी त्याला भित्रा म्हणून चिडवलं.

सोमवार, ५

सकाळी लहान दगड झोपडीच्या दारात होता. खेकड्याने आणला असेल, मी म्हटलं. इओतेबा तो रिंगणात ठेवून आला. दुपारी पुन्हा दारात.

पोटात काही हलत नाही. शनिवारपासून नाही. बेटावर पाय ठेवल्यापासून.

मंगळवार, ६

चार वेळा ठेवला, चार वेळा परत आला. मी रिंगणात नाक घासलं. बेटाला विनवलं, चूक माझी आहे, लेकराची नाही, त्याला का धरता? सगळी तंबाखू देऊन झाली.

खोबरं तसंच पडलंय. काय करायचंय ते खोबरं!

बुधवार, ७

दगड काथ्याने बांधून ठेवला होता. काथ्या तिथेच, गाठही तशीच. दगड दारात.

पोट गार लागतं.

गुरुवार, ८

मी माझा चपटा दगड उचलायला गेले. तो नि बाळ जाऊ देत, मी राहते. इओतेबाने दगड हिसकून पुन्हा मांडला. म्हणाला, "वेडी आहेस का? तू राहिलीस तर पोटातलं कोण नेणार?" मग स्वतःच्या दगडावर हात ठेवून तिथेच बसला.

शुक्रवार, ९

आज तो शांत आहे. माझ्या केसांना तेल लावलं. शहाळं काढून दिलं. "मुलगी झाली तर माझ्या आईचं नाव ठेव," म्हणाला.

'ठेव' म्हणाला. 'ठेवू' नाही म्हणाला.

मी झोपणार नाही. त्याच्या मनगटाला माझी ओढणी —

शनिवार, १०

डोळा लागला. देवा, डोळा कसा लागला?

लाथ बसली! बाळ हललं — पुन्हा —

इओतेबा शेजारी नाही. ओढणी आहे, गाठही तशीच.

दारात दगड. लहान नाही. नारळाएवढा.

रिंगणात दोनच. चपटा आणि लिंबाएवढा. त्याची पावलं समुद्राकडे गेलीत. परतीची नाहीत.

त्याचा दगड उचलून रिंगणात नेला. ठेवायला वाकले तर पोट गार पडलं. उचलला तर लाथ. ठेवला — गार. उचलला —

इओतेबा, मला नाही रे जमत —

बोट आली. काका उतरत नाहीत. तिथूनच ओरडून विचारतायत, सूनबाई, किती जण निघताय, दोघंच ना?

त्याचा दगड माझ्या मांडीवर आहे. आत लाथा मारतंय.

मी ओरडून सांगितलं, हो काका, दोघंच.