कामगार बंधूंनी जागा सोडू नये

मस्तगड, जालना
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, सन २००९

प्रिय बद्रीनाथ,

अक्षर ओळखलं असशीलच. दचकू नको. हात तुझ्या आईचा आहे, तोंड माझं. सात महिन्यांत तिनं तुला एक ओळ लिहिली नाही, फोनवर साधं हॅलो म्हणाली नाही, पण मी म्हणलं, बेबीनंदा, मला माझ्या नातवाला चार शिव्या घालायच्यात, लिहून देतेस का? शिव्या म्हणल्यावर बराबर पेन सापडला. मी ‘न्हाई’ म्हणते आणि ही ‘नाही’ लिहिते. अंगणवाडीत पोरांकडून गिरवून घ्यायची सवय. सासूलासुद्धा सुधारल्याशिवाय सोडत नाही. तेव्हा ह्या कागदावर मी जरा शिकलेली वाटले तर हुरळू नको, मी आहे तशीच अडाणी आहे. तुला वाटेल, हातात फोन असताना म्हातारीला पत्राचं खूळ कुठून सुचलं. फोनवर तू एकदा ‘हां’ म्हणतोस, एकदा ‘हूं’ म्हणतोस, आणि मग रेंज जाते. पुण्यासारख्या शहरात माझ्याच वेळेला रेंज कशी जाते रे? पण पत्राचं कारण ते नाही. ते शेवटी सांगते.

आधी बातमी. सळईची मिल सुरू झाली. परवा गच्चीवर पापड बघायला गेले, तर औद्योगिक वसाहतीच्या अंगाला धूर. वर्षभर त्या बाजूला इतकं स्वच्छ आभाळ बघायची सवय झाली होती, की आधी वाटलं, कुठं आग लागली. मग गल्लीतून रिक्षा आली. तुझ्या जागी भोंग्यावर एक नवा गडी ठेवलाय, दवाखान्यात नंबर पुकारल्यासारखा ओरडतो. म्हणाला, साहेबांच्या प्रयत्नांना यश, मंदी परतवून लावली, मिलच्या गेटवर सत्काराला यावे. मैमूना तिच्या दारात आणि मी माझ्या दारात. ती म्हणाली, आजी, जो आयीच नव्हती बोलते, तिला भगाई कशी? मी म्हणलं, बाई, पुढाऱ्यांना जमतं, आपल्याला घरातली मांजर हाकलता येत नाही. हसलो दोघी. तुझी आई हसली नाही. ती तांदूळ निवडत होती, ताट घेऊन आत गेली.

तुला आठवतं का, मागच्या दसऱ्याला तू आरशापुढं उभा राहून, एक हात कानावर ठेवून घोकत होतास? मंदी ही अमेरिकेतल्या बँकांची भानगड आहे, जालन्याच्या सळईला तिचा वारासुद्धा लागणार नाही. तुझा बाप पुरणपोळी खाता खाता म्हणाला, बद्री, ‘वारासुद्धा’वर जरा जोर दे. बापाला काय कौतुक होतं तुझ्या गळ्याचं! आणि का नसावं? नळाला पाणी कधी सुटणार ते तू सांगायचास आणि पाणी सुटायचं. पोलिओचा डोस कुठं आहे ते तू सांगायचास आणि तिथं डोस असायचा. मैमूनाचा नातू बाजारात हरवला, तेव्हा तू तीन तास घसा फोडलास आणि पोरगं मामा चौकात सापडलं. बायका तुझा आवाज ऐकून घागरी उचलत. पुढारी काही खुळे नसतात. साहेबांना रिक्षा कुणाचीही मिळाली असती; त्यांना तुझा गळा पाहिजे होता.

दिवाळीला बोल बदलले. म्हणे थोडी झळ लागेल, पण घाबरायचं कारण नाही. भाऊबीज होऊन पाच दिवस झाले आणि मिलच्या गेटवर पाटी लागली, दुरुस्तीसाठी बंद. संक्रांतीला आणखी बदलले. आता मंदी होती, पण ती आधीच्या लोकांनी आणलेली होती. मी तिळगूळ वळत होते, त्यात गूळ कमी आणि तीळ त्याहून कमी. मला वाटलं होतं, तू तरी घरात येऊन म्हणशील, आजी, हे काय चाललंय. पण तू मान खाली घालून जेवायचास. तेव्हाच तुला कळलं होतं ना? मला वाटतं कळलं होतं. पण बापाची भट्टी बंद, घरात येणारं तेवढं तुझ्याच गळ्यातून येणारं. तुला मी तेव्हाही दोष दिला नाही आणि आता देत नाही. हे वाक्य नीट लिही गं. दोनदा लिहिलंस तरी चालेल.

भट्टीवरचा सिराजोद्दीन तेवढा शहाणा निघाला. पाटी लागली त्याच आठवड्यात नागपूरकडं गेला, एका कारखान्यात बॉयलरवर लागला. तिथून तुझ्या बापाला फोन केला, तातेराव, आगीजवळ उभा राहणारा माणूस पाहिजे, आ जा, जल्दी. तुझ्या बापानं तिकीट काढलं. महाशिवरात्रीची संध्याकाळची गाडी. तुझी आई टेंभुर्णीला होती, तिच्या भाचीचं लग्न होतं. जाताना नवऱ्याला सांगून गेली, पोचल्यावर फोन करा. पिशवी मी भरून दिली. शेंगदाण्याची चटणी, दोन सदरे, एक चादर.

पुढचं तुला माहीत आहे, किंवा तुला वाटतं की माहीत आहे. त्या दुपारी तू गल्लीतून ओरडत गेलास, पाडव्याच्या मुहूर्तावर मिल सुरू होणार, कामगार बंधूंनी जागा सोडू नये. आणि तुझा बाप गेला नाही. आई चार दिवसांनी परत आली, तर नवरा घरात. तिनं विचारलं, तर म्हणाला, मिल सुरू होऊन राह्यलीय. पाडवा आला. डबा घेऊन गेटवर गेला. कुलूप होतं. संध्याकाळी परत आला, दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन गेला. बाकीचे कामगार आठवडाभरात यायचे बंद झाले. हा एकटा जायचा, बाभळीखाली बसायचा, बाराच्या सुट्टीला डबा खायचा आणि सुट्टी होते त्या वेळेला घरी यायचा. मतदान झालं. साहेब म्हणाले, मंदी जगभर आहे, जगापुढं कुणाचं चालतं? तरी हा जातच होता. वैशाखातलं आपल्याकडचं ऊन तुला सांगायला नको. गेटवरच्या वॉचमननं, काकासाहेबानं, तुला फोन केला, तू वर भोंगा बांधलेली रिक्षा घेऊन धावलास आणि बापाला त्यातच आडवा घातलास. दवाखान्याच्या दारापर्यंत पोचला. आत पोचला नाही.

डबा काकासाहेबानं आणून दिला. चवळीची उसळ खाल्लेली, भाकर अर्धी ठेवलेली. तो डबा तुझ्या आईनं अजून कुणाला दिला नाही.

आता माझं ऐक. साहेबांचे बोल कसे बदलले ते मी घटकाभर सांगितलं, मला त्यातली प्रत्येक ओळ पाठ आहे. लिहिता न येणाऱ्याला पाठच करावं लागतं. पण माझे बोल कसे बदलले ते कुणी पाठ केलं नाही, म्हणून तेही मीच सांगते. पहिल्या दिवशी ओट्यावर बायका आल्या, त्यांना मी म्हणलं, ऊन बाधलं. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर म्हणलं, मालकानं फसवलं. दहाव्याला तुझ्या आईनं सगळ्या भावकीसमोर विचारलं, तिकीट काढलेला माणूस थांबला कशापायी? सगळी माझ्याकडं बघायला लागली, कारण त्या दिवशी घरात मीच होते. तू समोरच बसला होतास, डोकं भादरलेला. मी तुझ्याकडं बघितलं आणि म्हणलं, भोंगा ऐकला आणि थांबला.

तुझी आई तुला म्हणाली, तुझा आवाज ह्या घरात नको. तू उठलास. तेरावा झाला आणि तू पुण्याला गेलास. आता गोदामात खोकी बांधतोस, तिथं दिवसभर तोंड उघडावं लागत नाही, असं मैमूनाच्या जावयानं सांगितलं. ते ऐकलं त्या दिवशी मी जेवले नाही. कुणाला दिसलं नाही, माझा एकादशीचा उपास होता.

बद्री, तुझ्या बापानं तुझा भोंगा ऐकला, हे खरं. पण तो त्यामुळं थांबला नाही. तो उंबऱ्यावर बसून बूट बांधत होता. तुझी रिक्षा गेली, पार वळणापर्यंत गेली, तोवर त्यानं कान देऊन ऐकलं. मग हसला आणि म्हणाला, माय, पोराचा आवाज बघ कसा झालाय. बोल मात्र साहेबाचे. भट्टीतल्या विटासुद्धा काढून ठेवल्यात मालकानं, पाडव्याला काय फुंकून पेटवणार? आणि पुन्हा बुटाची नाडी बांधायला लागला. एका घडीसाठीसुद्धा त्याला खरं वाटलं नव्हतं. निघालाच होता. मी त्याला म्हणलं, जा, खुशाल जा. सारी गल्ली बघंल, भोंगेवाल्याचा बापच गाडीत बसला. उद्या तुझं पोरगं नळाला पाणी आलं म्हणून बोंबललं, तरी कुणी घागर उचलायचं नाही. पोराचा शब्द बापानंच पाडला म्हणतील.

त्याचा एक बूट पायात होता, एक हातात.  मग पायातला काढला.

पाडव्यापासून तो गेटवर बसला तो काही मिल उघडायची वाट बघत नव्हता. तुझा शब्द पडू नये म्हणून बसला होता, दिवसाउजेडी, सगळ्यांना दिसेल असा. ते मी त्याच्या डोक्यात घातलं होतं आणि तो ते काढायला तयार नव्हता. रोज सकाळी भाकर मीच थापायची. मी एकदा तरी म्हणायचं की नाही, तातेराव, पुरे झालं, जा नागपूरला? म्हणले नाही.

आणि तुझ्या शब्दाची काळजी मला खरंच किती होती, तेही ऐक. ती वरवरची. तुझा थोरला काका पुंजाराम सुरतेला गेला होता. वर्षभरानं तो वारल्याचंच पत्र आलं, दुसऱ्याच्या अक्षरात. ते पत्र मी पोस्टमनकडून वाचून घेतलं आणि पुन्हा वाच म्हणलं, कारण मला वाटलं, त्याला नीट वाचता येत नसेल. राहिलेलं एक पोर डोळ्यांपुढं असावं, पोट अर्धं भरलं तरी असावं, एवढंच मला पाहिजे होतं. त्यासाठी मी तुझा आवाज वापरला. साहेबांनीही तेच केलं. फरक एवढाच, की त्यांना मतं पाहिजे होती.

मघाशी पेन थांबला होता.  चुलीवरचं दूध उतू गेलं, तेही कुणी उठून उतरवलं नाही.

आता पुन्हा चालू झाला. कागदावर कुरकुर ऐकू येते. बद्री, पत्र कशासाठी, ते आता तुला कळलं असेल. तुला एकट्याला सांगायचं असतं तर मी मैमूनाला फोन लावायला सांगितला असता. मला हे सांगायचं होतं ते ह्या लिहिणारीला. सात महिने एका चुलीपुढं बसून माझ्या तोंडातून निघालं नाही. रोज सकाळी ठरवायची आणि रोज भाजी काय करायची ते बोलायची. परवा धूर बघितला आणि वाटलं, त्यांची मिल सुरू झाली, सत्कार झाले, सगळं मिटलं, आणि माझ्या घरात एक माय आणि एक लेकरू माझ्या एका बोलापायी मुकी बसलीत. म्हणून म्हणलं, पत्र लिहून दे. लिहिणाऱ्या माणसाला शेवटपर्यंत ऐकावं लागतं. मला वाचता येत नाही. हिनं मी बोलले ते लिहिलं, की माझ्यासमोर नुसत्या रेघा ओढल्या, की उद्या चुलीत घातलं, मला कळायचं नाही. पण हा कागद तुझ्या हातात असेल आणि तू इथवर वाचलं असशील, तर समजून घे, तिनं एक अक्षर गाळलं नाही. मग ये. आल्यावर आधी आईजवळ बस. माझ्याशी दोघं नाही बोललात तरी मी ओट्यावर बसेन, मला मैमूना आहे. खाली अंगठा उठवायचाय. शाई लावायला हिनं माझा हात धरलाय. रागानं धरलाय की कसा, ते सांगता येत नाही. पण अजून सोडला नाही.

तुझीच,
अंगठ्यापुरती शिकलेली
आजी