ताटलीवरचा गिलास

१२ जुलै
पहाटं हादरा. उशाशी ताटलीत पालथा ठेवलेला गिलास वाजला तशी लेकीला, परीला, उचलून भाईर पळाले. गिलास ठेवायची ही सवय गयामावशीची. ती भूकंपाच्या गावची, तिचं सगळं घर त्यात गेलं. आता आमच्याच हॉस्टेलच्या गेटवर बसती. मी सैपाकाला.
भाईर येऊन बघते तर पोरी जिन्यात वरडून राहिल्या. जिन्याच्या जाळीला भाईरून कुलूप, चावी हॉस्टेलवाल्या सरांच्या घरी. चेंगरून एकीचा पाय मोडला.

१३ जुलै
सर म्हणले, "कुठं बोलायचं न्हाई. क्लासच्या अ‍ॅडमिशनचे दिवस हायत." पोरींनी ग्रुपवर टाकलेलं दुपारपर्यंत गायब. पाय मोडलेलीला गावी धाडलं. कुलूप तसंच.

१५ जुलै
बिलोलीची प्रतीक्षा, डॉक्टरकीच्या क्लासवाली, ताट घ्यायला आली. म्हणली, "काकू, नेटवर एक जागा हाय. नाव लागत न्हाई. लई ठिकाणी नकला ऱ्हातात, एकदा टाकलं की काढता येत न्हाई. सरांनाबी न्हाई, आपल्यालाबी न्हाई."
मी बोलले, तिनं टाईप केलं. माझं नाव न्हाई, परीचं काढलं, सैपाकाचं काढलं. मग वाचून दाखवलं. बरं वाटलं लई. सातवी शिकलेली मी.
ह्यांना सांगितलं न्हाई. खोली सरांची, ह्यांची गाडीवरची नोकरी सरांची...

१८ जुलै
सगळ्या लातुरात फिरून राहिलंय. चौकशीला माणसं आली, कुलूप निघालं.
सर किचनमधी आले. मोबाईल बघून वाचलं, "उशाशी गिलास वाजला तशी मी जागी झाले." मग मावशीला हाक मारली. पोरी तिला गिलासवाली मावशीच म्हणतात. एवढं सगळं काढलं आन् गिलास ऱ्हायला.
"गयाबाई, सामान बांधा."
"सर, मला फोन लावताबी येत न्हाई."
"सांगता तर येतं ना?"
मावशीनं माझ्याकडं बघितलं. गिलास तिच्याबिगर मीच ठेवते, तिला ठाऊक हाय. मी कणीक मळत ऱ्हायले. ती पिशवी भराया गेली.

२० जुलै
मावशी पेटी न्यायला आली. उदगीरला भाचीकडं जाते म्हणली. परीच्या डोक्यावरनं हात फिरवला. "गिलास ठेवतीस ना गं?"
हाव म्हणले. खोटं. त्या दिसापासनं ठेवला न्हाई, कुणी बघंल म्हणून.
स्टँडवर सोडायलाबी गेले न्हाई.

२१ जुलै
प्रतीक्षाला म्हणले, ते काढ. न्हाईतर गिलास तेवढा पूस.
"काकू, तेच तर व्हत न्हाई. खाली दुसरं जोडता येतं."
"मग लिव्ह, गयामावशीचा काही संबंध न्हाई."
"मंग कुणी सांगितलं म्हणतील."
"माझं नाव टाक."
तिनं टाकलं. मोबाईल माझ्यापुढं धरला. "तुम्हीच दाबा. बघा हां, हेबी परत निघायचं न्हाई."
हाताला कणीक होती. धुऊन येते म्हणले आन् तशीच खोलीत आले. परी झोपलीया. प्रतीक्षानं दोनदा हाक मारली, "काकू?"
अजून हात धुतले न्हाईत.