सगळेच टीव्ही धुरकट

४ सप्टेंबर, सोमवार

नुसतं एचडी आणि फुल एचडी यात फरक काय? बाबांनी जेवताना विचारलं. मला सांगता आलं नाही. आणि घरातली पहिली बी.एस्सी. मीच.

"तुलेच नाई समजत तं दुकानदार आपल्याले काही बी देईन."

दसऱ्याला नवा टीव्ही घ्यायचा हे पक्कं. शाळेत शिकवायला लागल्यापासून मीच म्हणत होते, पण आता घाई बाबांना. आपल्या डबा टीव्हीत चित्र धुरकट दिसतं म्हणतात. मला तसं काही दिसत नाही. आई म्हणते, "या टीव्हीचं मरण एकट्या तुमालेच दिसून राह्यलं."

बाबा आज दिवसभर देवरावकाकांच्या कपाशीत फवारत होते. दोघांचं जुनं ठरलेलं आहे. एक दिवस त्यांच्या शेतात, एक दिवस आमच्या.

७ सप्टेंबर, गुरुवार

महागावहून टीव्ही दुरुस्त करणारा आला. मागचं झाकण काढलं, फुंकर मारली, "नळी कमजोर झाली" म्हणाला. चहा पिऊन गेला. बाबा खूश. "सांगत होतो ना!" सकाळपासून आमच्याच शेतात फवारणी करून आले होते. संध्याकाळी टीव्हीपासून हातभर अंतरावर बसले, तरी क्रिकेटचा स्कोअर मला विचारत होते.

१२ सप्टेंबर, मंगळवार

तीन दिवस पावसाची झड. फवारणी बंद. बातम्या लागल्या आणि बाबा म्हणाले, "आज तं साफ दिसते." आईने काल डिशची छत्री राखेने घासली होती. श्रेय तिने घेतलं, वर भजी केली.

ठरवलं आहे, नवा टीव्ही आला की गल्लीतल्या मुलींना रोज तासभर विज्ञानाचे कार्यक्रम दाखवायचे. मालिका बंद.

आई हसली. "पाह्यतीन तुया पोट्ट्या!"

१७ सप्टेंबर, रविवार

पुसदला टीव्ही पाहायला गेलो. काल पुन्हा दिवसभर फवारणी. वारा अजिबात नव्हता. कपाशी यंदा बाबांच्या डोक्यावर गेली आहे, आत शिरले की नुसता पंपाचा आवाज येतो, माणूस दिसत नाही. तरी सकाळी सातला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार.

दुकानात भिंतभर टीव्ही. सगळ्यांवर एकच चित्र, पोपट डाळिंब खातोय. चोचीवरचा रससुद्धा दिसत होता. बाबा एकेकापुढे उभे राहिले.

"याच्यात बी धुकं. याच्यात बी."

दुकानदार म्हणाला, "काका, याच्याहून साफ पीस पुऱ्या पुसदमध्ये नाई भेटन."

"उजेड वाढव जरा."

"फुल आहे, काका."

बाबा माझ्या कानात म्हणाले, "लाइट कमी करून ठेवते हे लोक. चाल वापस." डोळ्यांतून पाणी येत होतं, सारखा रुमाल लावत होते. निघताना दुकानदार मला हळूच म्हणाला, "ताई, आधी चष्मा घ्या, मग टीव्ही." मी हसले. बाबांना सांगितलं तर चिडले. "परवा सुईत दोरा कोणं ओवला? तुयानं?"

खरं आहे. परवा त्यांनीच ओवला होता.

परतताना बसमध्ये शर्ट पाठीला चिकटेपर्यंत घाम. उकाडा असेल.

१९ सप्टेंबर, मंगळवार

देवरावकाकांचा टीव्ही पाहायला गेलो. गेल्या दिवाळीत घेतलेला, गावातला सगळ्यात मोठा. आज सकाळीच दोघे त्यांच्या शेतातून फवारून आले होते. बाबा डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "देवराव, तुयाबी धुरकटच हाय रे."

वाटलं, काका भडकतील. ते म्हणाले, "हो ना बाप्पा! महिना झाला. कंपनीनं फसवलं मले."

मग दोघे मिळून कंपनीला शिव्या देत बसले. मजेत होते. काकांच्या बायको, शांताकाकू, चुलीजवळून ओरडल्या, "मले तं त्याच्यातली मुंगी बी दिसते! म्हातारे झाले दोघंबी."

मी पडद्याकडे पाहिलं. बातम्या देणाऱ्या बाईच्या बांगडीवरची नक्षी दिसत होती. मग या दोघांकडे पाहिलं. पंख्याखाली बसूनही दोघे घामाने डबडबलेले. दोघांच्या डोळ्यांना पाणी. दोघांनाच. घरात दुसऱ्या कुणाला नाही.

घरी आल्या आल्या या वहीची मागची पानं वाचली. ४ तारीख, फवारणी, चित्र धुरकट. ७ तारीख, तेच. १२, झड, फवारणी नाही, चित्र साफ. १६ला फवारणी आणि १७ला दुकानातल्या सगळ्या टीव्हींत धुकं. सगळं माझ्याच अक्षरात आहे. आणि मी नळी, छत्री, उकाडा लिहीत बसले होते.

२० सप्टेंबर, बुधवार

सकाळी अंगणात बाबांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्यात. आईला त्याच सावलीत शेजारी उभं केलं, तिच्या नेहमीसारख्या.

म्हटलं, दवाखान्यात चला.

"कायले? मले काय झालं?"

फवारणीचं सांगितलं. टीव्ही चांगला आहे, सगळेच चांगले आहेत, हेही.

"वीस वर्षं औषध मारून राह्यलो मी. चार बुकं शिकली तं मले शिकवतं?" मग थोडे नरमले. "बोंडात अळी घुसली माय. आता थांबलो तं वेचायले काय राहीन? आन देवरावनं आपल्यात मारलं, मी त्याच्यात जाऊ नोको?"

मी उठून औषधाचा डबा शोधून आणला.

नंतर डब्यावरचा कागद वाचला. लाल खूण आहे, म्हणजे अतिविषारी. अक्षरं इतकी बारीक की मलाही उन्हात धरावं लागलं. नाक-तोंड झाका, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे. बाबा बनियनवर जातात. अनवाणी.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

शेजारच्या गावातल्या एकाला यवतमाळला नेलं. कपाशीतच पडला होता. लोक म्हणतात, ऊन लागलं. काल दिवसभर ढग होते.

बाबा काल फवारून आले ते जेवलेच नाहीत. आज दुपारी भाकर पोटात राहिली नाही. तोंडाला पाणी सुटतं, सारखे थुंकतात. शर्टाचं बटण लावता येईना, बोटं थरथरत होती. आईने लावलं.

तरी सोमवारी देवरावकाकांकडे जाणार म्हणतात.

२४ सप्टेंबर, रविवार

आज तिसऱ्यांदा दवाखान्याचं काढलं. ताट सरकवून उठून गेले. आई भांडी घासता घासता म्हणाली, "दवाखान्याचं नाव नोको घेऊ. टीव्हीसाठी तं ते दिल्लीले बी येतीन."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

२५ सप्टेंबर, सोमवार. यवतमाळ

व्हरांड्यात बसून लिहिते आहे.

बाबांना सांगितलं, यवतमाळला मोठं दुकान आहे, तिथल्या टीव्हीत धुकं नसतं. लगेच तयार झाले. फवारणी उद्यावर ढकलायची म्हणून देवरावकाकांना सांगायला गेले, तर तेही निघाले. "तुले एकट्याले फसवतीन रे. मी बी येतो. मायावाल्या टीव्हीची तक्रार करतो." एसटीत दोघे शेजारी बसले. कोणत्या कंपनीचा घ्यायचा यावर भांडत होते. बाबांचा आवाज मध्येच घरघरत होता. उमरखेडचा एक भाचा कसा फसला, हेही काकांनी सांगितलं.

दवाखान्याच्या फाटकाशी बाबा थांबले. वरच्या पाटीकडे पाहिलं. इतकी मोठी पाटी, अक्षरं हातभर.

"हेच का दुकान?"

मी हो म्हटलं.

आत गेल्यावर त्यांना वासाने कळलं. मागे वळले, पण तेवढ्यात पायच लटपटले. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, मग काकांच्याही. कोणतं औषध फवारता, विचारलं. डब्यावरचा कागद मी सोलून आणला होता, तो दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "दोघांनाही ठेवावं लागेल. यांना उशीर झालाय." यांना म्हणजे बाबांना.

वॉर्डात आधीच सहा-सात जण आहेत. सगळे फवारणारेच वाटतात, हातांवर चढलेल्या औषधाच्या रंगावरून. एकाचे हात खाटेला बांधलेत. त्याची बायको पदराने वारा घालते आहे.

काकांना सुई टोचली तरी तोंड चालूच. "तुयी पोट्टी लबाड निघाली रे!" बाबा भिंतीकडे तोंड करून आहेत. श्वास मोठ्याने घेतात. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस काही सांगता येणार नाही. दोन्ही शेतांत आज कुणी नाही.

शांताकाकूंना तीनदा फोन लावला. लागत नाही.

नर्सने दोघांचे कागद आणले. नातेवाइकाची सही हवी, नाहीतर दाखल करून घेता येत नाही. काकांचं इथे कोण आहे, विचारलं. त्यांची मुलं सुरतेला.

नात्यासमोर मी 'मुलगी' लिहिलं आणि सही केली. दोन्ही कागदांवर.