कोचीहून प्रेरणाला परत आणण्याचा दौरा

९ फेब्रुवारी, रविवार. वरवे बुद्रुक

निर्णय झाला. मुलीला परत आणायचं.

प्रेरणा दोन वर्षं कोचीत आहे. अन्नतपासणीच्या लॅबमध्ये. परदेशी जाणारी कोळंबी चांगली की वाईट ते बघते. आता त्याच कंपनीच्या पुण्याच्या लॅबमध्ये जागा निघाली आहे. तिथं दूध तपासतात. हे मला तिची मैत्रीण शेफाली हिच्याकडून कळलं. प्रेरणा स्वतः बोलली नाही. संकोच वाटत असणार. आपण आलो तर आबांना काय वाटेल, असं.

मोहिनीला, म्हणजे बायकोला, म्हटलं, मी जातो नि घेऊनच येतो. मला वाटलं होतं ती अडवेल. ती म्हणाली, "जाऊन या की. बघून तरी याल." आणि लगेच दशम्यांचं पीठ मळायला बसली.

आयुष्य एसटीत कंडक्टरकी करण्यात गेलं. भोर, वेल्हे, स्वारगेट. प्रवासाचं मला कुणी शिकवू नये.

१० फेब्रुवारी, सोमवार. ट्रेन

डबल बेल नाही, काही नाही. गाडी आपली आपण सुटली. शिस्त नाही.

मुद्दे काढले. एक, तिथं आपलं माणूस नाही. दोन, जेवणाचे हाल. तीन, भाषा. चार, दूध हे कोळंबीपेक्षा केव्हाही बरं. यावर कुणी काय बोलणार?

१२ फेब्रुवारी, बुधवार. कोची

स्वेटर घालून उतरलो. वरव्यात पहाटे अजून थंडी आहे. इथं नाही. स्टेशनच्या बाहेर येईपर्यंत स्वेटर काढला, रिक्षात टोपी. घरी पोचल्यावर बनियनही नकोसा झाला. प्रेरणा म्हणाली, "आबा, दमट हवा आहे, दोन दिवस त्रास होईल." म्हटलं, राजगड चढलेल्या माणसाला हवेचं काय सांगतेस? मग जरा पंख्याखाली पडलो. जागा झालो तेव्हा दुपार झाली होती.

संध्याकाळ

शहर पाहिलं. फर्स्ट इम्प्रेशन: नारळ फार. जिथं जागा दिसेल तिथं नारळ, उरलेल्या जागेत पाणी. बँकेत जाणारी माणसंसुद्धा लुंगी गुडघ्यावर दुमडून जातात. आमच्याकडे असं कुणी दहाव्यालाही येणार नाही. पाट्या सगळ्या जिलब्या.

हॉटेलात गरम गुलाबी पाणी आलं. सोय चांगली, म्हणून हात धुतले. मग शेजारच्या टेबलावरचा माणूस तेच पाणी प्यायला. प्रेरणाने दुसरीकडे पाहिलं.

समुद्रही बघितला. भाटघर धरणाला भिंत नसती तर तसंच दिसलं असतं. विशेष नाही. जवळ गेलो नाही, कारण बूट नवे होते.

उद्या मुद्दा एक.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मुद्दा एक राहिला. ती सकाळीच कामाला गेली.

खाली घरमालकीण राहते. लीलाम्मा. माझ्याच वयाची, विधवा, चेहरा कडक. हिला मराठी येत नाही, हिंदीही नाही. पण सावकाश आणि मोठ्यानं बोललं की कुठल्याही माणसाला कळतं. तीस वर्षांचा अनुभव आहे. दुपारी तिनं जेवायला भात आणला. दाणे लाल, जाड, एकेक दाणा स्वतंत्र विचाराचा. मी गुडघ्यावर हात ठेवून नीट सांगितलं की इतका कोरडा भात खाऊन पायातली ताकद जाते, थोडं तूप मिळेल का? तिला तत्काळ कळलं. बाटली आणून ठेवली. मी भातावर घेतलं. वास उग्र, चव कडू. इथली गुरं काय खातात कोण जाणे.

संध्याकाळी प्रेरणाने सांगितलं, ते गुडघ्याला चोळायचं तेल होतं.

तरीच गुडघ्याला बरं वाटतंय.

मुद्दा दोन (जेवणाचे हाल) सिद्ध झाला. पण हाल माझे झाले, तिचे नाहीत. तिनं तोच भात दोनदा वाढून घेतला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रेरणा म्हणाली, आज एकटे बाहेर जाऊ नका. निदान नंबर लिहून खिशात ठेवा. म्हटलं, मी काय जत्रेत हरवणारा पोरगा आहे? चिठ्ठी टेबलावरच ठेवली. मोबाईल चार्जिंगला होता, तोही ठेवला.

इथं बोट म्हणजे आपली एसटीच. जेट्टीवरून निघते, पलीकडे सोडते. चढलो. दारातच गर्दी, आत जागा रिकामी. राहवलं नाही. ओरडलो, "चला, पुढं सरका, पुढं सरका!" आणि आश्चर्य म्हणजे सगळे सरकले! एकालाही मराठी येत नव्हतं. बोटीवरच्या कर्मचाऱ्यानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. असं मला वाटलं.

पलीकडे उतरलो. परत येताना दुसऱ्याच बोटीत बसलो. मुद्दाम नाही, पण चूक म्हणता येणार नाही, कारण वेगळा भाग बघायला मिळाला. तिथून तिसरी घेतली. ती आणखी वेगळ्या ठिकाणी गेली. सगळीकडे तेच नारळ. ऊन चढलं. विचारणार कुणाला? ज्यानं आयुष्यभर लोकांना रस्ता सांगितला, त्यानं रस्ता विचारायचा?

अखेर विचारला. आवाज मोठा केला, सावकाश बोललो. तरी कळेना. मग तिकीट खिडकीतल्या बाईंना प्रेरणाचा नंबर एकेक आकडा बोटांनी दाखवला. नंबर पाठ होता. तिथून फोन गेला. बाकावर बसवलं, पाणी दिलं. गुलाबी. प्यायलो.

तासाभरात प्रेरणा आली. लॅबचा पांढरा कोट अंगावरच. मला वाटलं आता बोलणार. तिनं फक्त माझा हात धरला. म्हाताऱ्याला बोटीतून उतरवताना धरतात तसा, पण सोडला नाही. खिडकीतल्या बाईंशी बोलली, त्या हसल्या. फुलवाल्यानं हाक मारली, त्याच्याशी बोलली. रिक्षावाला लांबून न्यायला लागला तेव्हा अशी काही कडाडली की तो गप वळला. सगळं मल्याळममध्ये. शब्द एक कळला नाही, पण सूर थेट मोहिनीचा. मीही नकळत सरळ बसलो.

मुद्दा तीन (भाषा) काढून टाकतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी समुद्रावर गेलो. ही वेळ योग्य होती. आज पुण्याला कळवायची शेवटची तारीख, असं शेफाली म्हणाली होती.

सुरुवात चांगली झाली. दूध आणि कोळंबी यांतला फरक सांगितला. वरवे ते पुणे रोज जाता-येता येतं हे सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आबा, मी जानेवारीतच नाही कळवलंय. शेफालीला उशिरा कळलं."

म्हटलं, घरी सांगायचं नाही का?

"आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, त्यांना तिकडं येऊन बघू दे, मग सांग."

एक लाट पायावर आली. नवे बूट भिजले. सरकलो नाही.

मग ती बोलत राहिली. तिची सही असेल तर माल जहाजात चढतो, नसेल तर आख्खा कंटेनर परत. पहिल्यांदा कंटेनर अडवला तेव्हा मालाचा मालक केबिनमध्ये येऊन ओरडला. तरी हिनं सही केली नाही. मग घरी येऊन रडली. तेव्हा लीलाम्मा रात्रभर शेजारी बसून होती.

मी विचारलं, मला फोन का नाही केलास?

म्हणाली, "तुम्ही त्याच दिवशी न्यायला आला असता."

हे खरं आहे. गेलोच असतो.

बुटातलं पाणी ओतून टाकलं. शेवटी मीच म्हटलं, ठीक आहे, माझी परवानगी आहे. राहा इथं. परवानगी कुणी मागितली नव्हती, पण वडिलांनी आपलं काम करावं. ती म्हणाली, "थँक्यू, आबा." हसली नाही. मोहिनीनं वळण चांगलं लावलंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. वरवे बुद्रुक

पोचलो. दौरा यशस्वी. मुलीची नीट व्यवस्था लावून आलो, असं गावात सांगितलं. शेजारच्या ठकुबाईंनी विचारलं, "आणायला गेला व्हता न्हवं?" बायकांना अर्धवट ऐकायची सवय असते.

मोहिनी बॅग भरत होती. कुठं, म्हटलं. "कोचीला. पोरीनं इमानाचं तिकीट काढलंय." विमानाचं. मला ट्रेन होती.

म्हटलं, तुला तिथलं काय जमणार? भाषा नाही, हवा दमट. एकटी कधी पुण्याच्या पुढं गेलीस? माझ्यासारखा अनुभवी माणूस बरोबर हवा. ती म्हणाली, "म्हशीला कोण बघणार मग?"

म्हशीला वैरण टाकायला गेलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

घर उत्तम चाललंय. भाकरी थापायला काही विशेष लागत नाही. सकाळची तव्यावर मोडली, तो तव्याचा दोष. जेवण ठकुबाईंकडे. म्हैस मला लाथ मारत नाही, फक्त पाय उचलते.

मोहिनीचा व्हिडिओ कॉल आला. गुडघाभर समुद्रात उभी, लुगडं वर खोचलेलं. शेजारी लीलाम्मा, दोघींनी एकमेकींचे हात धरलेले. ही मराठीत बोलत होती, ती मल्याळममध्ये, आणि दोघींना सगळं कळत होतं. एकही आवाज मोठा करत नव्हती.

विचारलं, परत कधी?

"आत्ता तर आले न्हवं!"

मग लीलाम्मानं फोनमध्ये वाकून माझ्याकडे पाहिलं, भातावर बाटली ओतल्यासारखा हात केला आणि काहीतरी म्हणाली. मोहिनी इतकी हसली की पाण्यात पडता पडता राहिली. फोन धरलेली प्रेरणाही हसत होती, चित्र हलत होतं.

मला शब्द कळले नाहीत. बहुतेक माझ्या तब्येतीची चौकशी असावी.