सहाच्या गाडीसाठी अर्धा मिनिट

बाभुळगाव तालुका
४ ऑगस्ट २०२५

चि. दीपमालास,
आजीचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

पहिली कोण आली असंल, सांग बरं? सुखीबाई! गुडघ्याचं निमित्त करून विहारात येत नाही, पण तुह्या बटणात बोलाले सगळ्याईच्या आंधी हजर. तेही नवं लुगडं नेसून. मी म्हटलं, बाई, यात फोटू निघत नाही, नुसता आवाज जाते. तरी पदर सारखा करूनच बसली. मांगून विमलताई, मंग शेजारची शबाना, मंग सारी गल्ली. ओसरीवर बसाले जागा नव्हती.

शबानाच्या जियानं मोबाइलवर शकीलशेठच्या गाडीची वेबसाइट उघडली. कोपऱ्यात तू बनवलेलं हिरवं बटण, मत सांगा म्हणून. बरं झालं तू त्याच्यातलं ते ईमेलचं काढलं. इथं कोणाजवळ असते ईमेल? बोलाचं केलं तं कसं, सगळ्याईले तोंड आहे.

मले हासू येऊन राह्यलं होतं, पण जीव थाऱ्यावर नव्हता पोट्टी. शेठ म्हणते संध्याकाळची सहाची गाडी रिकामी येते, लोकाईचं काही म्हणणं आलं नाही तं एक तारखेपासून बंद. अवं, रिकामी येईन नाही तं काय! तो तनवीर ड्रायव्हर यवतमाळहून पावणेसहालेच गाडी काढते. जियाचं नर्सिंगचं प्रॅक्टिकल साडेपाचाले सुटते, पोरगी बस स्टँडवर धावत येतवरक गाडी निंगून गेली राह्यते. तिच्यासारख्या अजून किती. गाडी बंद झाली तं शबाना तिले यवतमाळात खोली करून ठेवाले तयार नाही. शिकणं पुरे, शिलाई मशीनवर बस म्हणते. जिया मोबाइल धरून एकेकीच्या तोंडापुढं फिरत होती, अन् हासत होती.

आता सगळ्या बोलल्या आहेत. तू फोनवर ठेवते ठेवते म्हणतेस म्हणून लिवलं. कागद मधात तोडत नाही.

वेळेवर जेवत जाय. माया आहे तशी राहू दे.
तुही आजी,
मथुराबाई

पुणे
११ ऑगस्ट २०२५

ती. आजीस,
दीपमालाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि डोकं धरून बसले. फोन केला होता, पण तू सुखीबाईच्या लुगड्याच्या पुढं मला बोलूच दिलं नाहीस. म्हणून घे, मीही कागदावर सांगते.

नऊच्या नऊ आवाज ऐकले. सुखीबाई शेठच्या तब्येतीची, मग त्यांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करते आणि संपते. शबानामावशी सलाम करते, दुआ देते, बकरी व्याली ते सांगते आणि संपते. आणि तू! तू शेठला चहाला बोलावलंस, साखर किती लागते ते विचारलंस, आता गाडीचं असं आहे बाप्पा म्हणालीस, आणि तुटलं. गाडीबद्दल एकीचाही शब्द नाही.

चूक माझी आहे. बटण करताना मी एआयची मदत घेतली. काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं, तो कोड लिहून देतो. त्यानं मला नीट विचारलं होतं, एका माणसाला किती वेळ बोलू द्यायचं. मी म्हटलं, अर्धा मिनिट पुष्कळ. त्याला आपलं गाव ठाऊक नाही, पण मला तर होतं. अर्ध्या मिनिटात आपल्याकडे घरची माणसंसुद्धा विचारून होत नाहीत. आता पाच मिनिटं करून घेतलीत.

पण शेठनं ऐकून घेतलंय. मला म्हणाले, सगळे खूश आहेत, कोणाची तक्रार नाही, सहाची बंद करायला हरकत नाही. मी पुष्कळ सांगितलं, तर म्हणाले, मग लोक तसं बोलले का नाहीत. माझं हे पहिलंच काम आणि त्यानंच जियाची गाडी जाणार. ती रोज मेसेज करते, ताई काय झालं. मला झोप लागत नाही.

आजी, सगळ्यांना पुन्हा बसव. आणि पहिल्याच वाक्यात गाडी म्हणा गं, हात जोडते.

रागावू नकोस, जवळ धरून ठेव.
तुझी,
दीपमाला

बाभुळगाव तालुका
१९ ऑगस्ट २०२५

चि. दीपमालास,
जयभीम. आंधी श्वास घे, मंग वाच.

पहिल्या वाक्यात गाडी आमच्याच्यानं होत नाही, सांगून ठेवतो. माणसाले आल्या आल्या कामाचं कोण बोलते? अन् पुन्हा बसवाचं कामच पडलं नाही. काल दुपारी शकीलशेठची जीप दारात! संग त्यायची माय, रौशनबी. जीप चालवाले कोण, तं तोच तनवीर.

झालं असं, शेठ घरी आमचे आवाज ऐकत बसले होते, तं मायनं ऐकलं. म्हणे नऊ घरच्या बाया माह्ये गुडघे विचारतात, चहाले बोलावतात, अन् तू घरात बसून गाडी बंद करतं? चाल म्हणे. म्हातारीनं जीपमंधी बसवूनच आणलं त्याले.

मंग काय, चहा मांडला. पहिले गुडघे झाले, बकरी झाली, तुह्या लग्नाचंही निंघालं, मी टाळलं. दुसरा चहा चढला तवा शबानानं गाडीचं काढलं. पावणेसहाचं नाव निंगताच तनवीरनं बशी तोंडाले लावली ते खालीच घेईना. शेठनं त्याच्याकडे पाह्यलं. तनवीर म्हणे, घरी लेकरू वाट पाह्यते, म्हणून लवकर काढतो. जियानं लहान आवाजात सांगतलं की माही माय पण वाट पाह्यते. मंग तनवीरनं बशी खाली ठेवली.

शेठ म्हणाले, गाडी सहालेच सुटंल, एक मिनिट आंधी नाही. महिनाभर चालवून पाहू, माणसं बसली तं कायमची. तुह्या बटणाचंही म्हणाले, ते राहू द्या म्हणे.

मी म्हटलं, बोलणं झालं, पण सहाले सुटलेली गाडी अजून कुठं पाह्यली? आतापासूनच सगळ्याईचे पाय घरात टिकत नाही. शबाना मशीनवर कपडा टाकून उठते, रस्त्यावर पाह्यते, पुन्हा बसते.

तुह्या त्या एआय मदतनिसाले सांग, अर्धा मिनिट केला ते बरंच झालं.

आजीले विसरू नको. रौशनबीनं सुखीबाईच्या हातचा ठेचा मांगतला आहे. शुक्रवारी पुन्हा येतो म्हणे, मायलेक दोघंही. जीपनं नाही. यवतमाळहून, जियाच्या बाजूले बसून, सहाच्या गाडीनं.

तुही आजी,
मथुराबाई